सर्व्हर बसवला, पण उघडत का नाही?

लिनक्सवर एखादं सर्व्हर सॉफ्टवेअर बसवायला हल्ली दोन मिनिटं पुरतात. एक कमांड टाइप करायची, पासवर्ड द्यायचा, पडद्यावरून पन्नासेक ओळी सरकतात आणि खाली पुन्हा कर्सर लुकलुकायला लागतो. चूक कुठलीच नाही. मग आपण ब्राउझर उघडून पत्ता टाकतो आणि तिथे नुसतं चक्र फिरत राहतं. किंवा 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं. किंवा '४०३ फॉरबिडन'. इथून पुढे बहुतेक जण नेटवर शोधाशोध करतात, कोणीतरी कधीतरी लिहून ठेवलेल्या दहा कमांड एकामागून एक चिकटवतात, आणि त्यातल्या एखादीने काम झालंच, तर कुठलीने झालं हे त्यांनाही सांगता येत नाही.

या कामातला 'बसवण्याचा' भाग खरं तर सर्वात किरकोळ. कोणाला, कुठून, काय दिसू द्यायचं हे ठरवण्यातच सगळा वेळ जातो. कॉन्फिगरेशन नावाचं जे बोजड प्रकरण आहे, ती हे निर्णय लिहून ठेवायची जागा. एवढं डोक्यात बसलं की चुकांचे निरोपही वाचता येऊ लागतात.

## सर्व्हर म्हणजे नेमकं कोण?

हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो. एक म्हणजे यंत्र, कुठल्या तरी खोलीत चोवीस तास चालणारा संगणक. दुसरा म्हणजे त्या यंत्रावर चालणारा प्रोग्राम, जो स्वतःहून काही करत नाही, कोणी विचारायला येण्याची वाट बघत बसतो. वेबपानं देणारे अपाचे आणि एंजिनएक्स, माहिती साठवणारा पोस्टग्रेस हा डेटाबेस, हे सगळे दुसऱ्या अर्थाने सर्व्हर. या लेखातही तोच अर्थ.

डोळ्यांपुढे एक मोठी कचेरी आणा. तिला ० ते ६५५३५ अशा क्रमांकांच्या खिडक्या आहेत. बहुतेक खिडक्या बंद. काहींमागे कारकून बसलाय. ८० क्रमांकाच्या खिडकीवर साधी वेबपानं मिळतात, ४४३ वर तीच पानं बंद पाकिटातून, म्हणजे एचटीटीपीएसने. २२ वर एसएसएच, म्हणजे लांबून यंत्राचा ताबा घ्यायची वाट. पोस्टग्रेसची खिडकी ५४३२. या खिडकीला पोर्ट म्हणतात. कचेरीचा पत्ता म्हणजे आयपी. पत्ता बरोबर असला तरी खिडकी चुकली की काम होत नाही, हा अनुभव कचेरीत गेलेल्या प्रत्येकाला आहे.

१०२४ च्या खालच्या खिडक्यांवर सहसा कोणालाही बसता येत नाही. त्यासाठी यंत्राच्या मालकाचा, म्हणजे 'रूट'चा अधिकार लागतो. म्हणून एंजिनएक्स सुरू होताना रूट म्हणून होतं, ८० ची खिडकी ताब्यात घेतं आणि प्रत्यक्ष काम मात्र कमी अधिकारांच्या हाताखालच्या माणसांवर सोपवतं. हा तपशील लक्षात ठेवा, ४०३ चं कोडं तिथेच सुटणार आहे.

## आवृत्ती जुनी दिसते, म्हणजे असुरक्षित?

विंडोजवर वाढलेल्या माणसाची सवय अशी की संबंधित वेबसाइटवर जायचं आणि तिथली सर्वात नवी फाइल उतरवायची. लिनक्सवर हे सहसा करायचं नसतं. डेबियन, उबुंटू, फेडोरा, रेड हॅट हे लिनक्सचेच वेगवेगळे अवतार, आणि प्रत्येकाचं स्वतःचं सॉफ्टवेअर भांडार असतं. एकमेकांशी जुळतील अशा आवृत्त्या निवडून, तपासून, डिजिटल सही करून तिथे ठेवलेल्या असतात. अशा एका गठ्ठ्याला पॅकेज म्हणायचं. डेबियन-उबुंटूवर ती आणायचं काम 'एपीटी' करतं, फेडोरा-रेड हॅटवर 'डीएनएफ'. एका पॅकेजला दुसरी चार लागत असतील तर तीही सोबत येतात.

इथे हमखास येणारा आक्षेप म्हणजे भांडारातली आवृत्ती फार जुनी असते. असतेच. पण डेबियनसारखी मंडळी सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या उचलून जुन्या आवृत्तीत शिवतात. मूळ क्रमांक तोच राहतो, शेपटीचा पॅकेज क्रमांक तेवढा बदलतो. त्यामुळे नुसता आवृत्तीचा आकडा पाहून 'हे धोकादायक आहे' असं ओरडणारी तपासणी साधनं पुष्कळदा उगाच घाबरवतात.

शिवाय सर्वात नवं तेच सर्वात सुरक्षित, हा समज मार्च २०२४ मध्ये चांगलाच उघडा पडला. 'एक्सझेड' नावाचं फाइल आवळून लहान करणारं एक साधं साधन जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवलेला सापडला, आणि त्याचा रोख एसएसएचवर, म्हणजे थेट २२ नंबरच्या खिडकीवर होता. तो बसवणाऱ्याने त्या प्रकल्पात काही वर्षं इमानेइतबारे काम करून आधी विश्वास कमावला होता. पकडलं अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या विकासकाने, तेही एसएसएचने आत शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय या कुतूहलापोटी. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पॅकेज पोचलंच नव्हतं. चाचणीच्या, नव्याची घाई असलेल्या शाखांमध्ये मात्र शिरलं होतं.

मुक्त स्रोत म्हणजे हजारो डोळे कोड बघतात, म्हणून ते सुरक्षित, असं आपण म्हणतो. त्या प्रसंगात एकाच माणसाचा डोळा उपयोगी पडला, तोही योगायोगाने. पण कोड उघडा होता म्हणून त्याला संशयाचा माग मुळापर्यंत काढता आला, हेही तितकंच खरं.

उरली ती नेटवरून स्क्रिप्ट आणून थेट रूटच्या अधिकाराने चालवायची पद्धत. 'ही एक ओळ चिकटवा, झालं' असं अनेक प्रकल्प स्वतःच सांगतात. मला विचाराल तर आधी ती स्क्रिप्ट फाइलमध्ये उतरवून वाचावी. सगळी कळली नाही तरी ती कुठे कुठे हात घालते एवढं दिसतं.

## खिडकीवर माणूस बसवतो कोण?

पॅकेज आलं म्हणजे कारकुनाची नेमणूक झाली. तो कामावर हजर आहे का, ही वेगळी गोष्ट. बहुतेक प्रमुख लिनक्सवर हे काम 'सिस्टेमडी' बघतं, २०१० मध्ये आलेला एक मुकादम. कोणाला कामावर बसवायचं, कोण मध्येच कोसळला, कोणाला पुन्हा उभं करायचं, हे सगळं त्याच्याकडे. त्याच्या देखरेखीखाली पाठीमागे चालत राहणाऱ्या प्रोग्रामला सेवा म्हणतात.

मुकादमाला दोन वेगळे हुकूम द्यावे लागतात. 'स्टार्ट' म्हणजे आत्ता बस. 'इनेबल' म्हणजे यंत्र चालू होईल त्या प्रत्येक वेळी बस. डेबियन-उबुंटूवर पॅकेज आलं की दोन्ही आपोआप होतं. रेड हॅटच्या घराण्यात सहसा होत नाही, तुम्ही सांगेपर्यंत सेवा निपचित पडून असते. एका घराण्यासाठी लिहिलेल्या सूचना दुसरीकडे चालत नाहीत, त्याचं हे एक कारण.

## कॉन्फिगरेशन: कारकुनाच्या टेबलावरचा कागद

'ईटीसी' नावाच्या फोल्डरमध्ये जवळजवळ प्रत्येक सेवेची सूचनापत्रं साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. कुठल्या खिडकीवर बसायचं, कुठल्या कपाटातले कागद द्यायचे, कोणाला हाकलायचं. बटणं नाहीत, खुणा करायचे चौकोन नाहीत. सुरुवातीला हे मागासलेलं वाटतं. पण फाइलची प्रत काढता येते, दोन फाइली शेजारी ठेवून फरक बघता येतो, आणि सहा महिन्यांपूर्वी असं का केलं होतं ते शेजारीच टिपण म्हणून लिहिता येतं. बटण दाबल्याची आठवण कोणालाच राहत नाही.

फाइल बदलली तरी कारकुनाला ते कळत नाही, ही नवख्यांची पहिली ठेच. त्याने सकाळी कामावर येताना कागद वाचला होता, तेवढाच त्याला ठाऊक. पुन्हा वाच म्हणून सांगावं लागतं. त्याचे दोन मार्ग आहेत. 'रीस्टार्ट' म्हणजे उठवून पुन्हा बसवणं, 'रीलोड' म्हणजे बसल्या जागी नवा कागद हातात देणं. चालत्या साइटवर हा फरक जिवावरचा ठरतो. एंजिनएक्सला रीलोड सांगितलं आणि नव्या कागदात चूक असली, तर ते जुन्या सूचनांवर काम चालू ठेवतं. रीस्टार्ट सांगितलं तर आधी उठतं, मग कागद वाचून अडतं, आणि खिडकी रिकामी.

म्हणून आधी चाचणी. एंजिनएक्सला 'टी' हा पर्याय देऊन चालवलं की ते सगळ्या फाइली वाचून कुठल्या ओळीवर काय चुकलंय ते सांगतं. त्याच्या फाइलीत प्रत्येक सूचनेच्या शेवटी अर्धविराम लागतो. माझी एक अख्खी संध्याकाळ त्या एका टिंब-स्वल्पविरामाने खाल्ली आहे, कारण चूक दाखवली जात होती पुढच्या ओळीवर आणि मी इमानाने पुढचीच ओळ तपासत होतो.

## आतली खिडकी, रस्त्याकडची खिडकी

संपूर्ण लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

प्रत्येक सेवेला ती कुठल्या दिशेला तोंड करून बसणार हे सांगावं लागतं. १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे कचेरीच्या आतली खिडकी. त्याच यंत्रावरचे इतर प्रोग्राम तिथे येऊ शकतात, बाहेरचा कोणी नाही. ०.०.०.० म्हणजे जितके रस्ते या इमारतीला लागतात तितक्या सगळ्यांकडे उघडी खिडकी.

पोस्टग्रेस मुळात फक्त आतल्या खिडकीवर बसतं. तुम्ही दुसऱ्या संगणकावरून जोडायला जाता, जमत नाही, वैतागता, आणि कोणीतरी सुचवतं की ऐकण्याच्या पत्त्याच्या जागी तारांकन, म्हणजे 'सगळे पत्ते', टाका. टाकलं की चालतं. आता डेटाबेस रस्त्यावर आहे. पोस्टग्रेसच्या बाबतीत निदान कोणाला आत घ्यायचं याची दुसरी यादी आडवी येते. सगळीकडे ती असतेच असं नाही.

जानेवारी २०१७ मध्ये मोंगोडीबी या डेटाबेसचे हजारो सर्व्हर अशाच अवस्थेत सापडले, तोंड रस्त्याकडे आणि पासवर्ड नाही. कुलूप तोडायची गरजच नव्हती. चोरांनी आतली माहिती पुसली आणि जागेवर खंडणीची चिठ्ठी ठेवली. सॉफ्टवेअरमध्ये कुठला दोष शोधावाही लागला नाही, ते सांगितल्याप्रमाणे वागत होतं. त्याच वर्षअखेरीस आलेल्या ३.६ आवृत्तीपासून मोंगोडीबी मुळात आतल्याच खिडकीवर बसू लागलं.

रास्त मांडणी अशी, की रस्त्याकडे तोंड फक्त वेब सर्व्हरने करायचं. त्याच्यामागे तुमचं ॲप्लिकेशन, त्याच्यामागे डेटाबेस, दोघेही आतल्या खिडक्यांवर. समोरचा एंजिनएक्स मागणी घेतो, आत जाऊन विचारतो आणि उत्तर आणून देतो. या निरोप्याच्या कामाला रिव्हर्स प्रॉक्सी म्हणतात. मागच्या ॲप्लिकेशनकडून धड उत्तर मिळालं नाही की एंजिनएक्स '५०२ बॅड गेटवे' म्हणतो. ते सहसा बंद पडलेलं असतं. म्हणजे ५०२ दिसलं की एंजिनएक्सच्या फाइली उकरत बसू नये, आधी मागे कोणी आहे का ते पाहावं.

## चुकीचा निरोप वाचायचा कसा?

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' या दोन निरोपांना लोक सर्रास एकच समजतात. दोघांचं दुखणं सहसा वेगळं असतं.

रिफ्यूज्ड म्हणजे तुम्ही इमारतीपर्यंत पोचलात, पण त्या खिडकीमागे कोणी नाही, आणि तसं लगेच कळवलंही गेलं. मग सेवा चालू आहे का, की ती आतल्याच खिडकीवर बसली आहे, हे बघायचं. टाइम्ड आउट म्हणजे उत्तरच नाही, ताटकळून परत आलात. बहुतेक वेळा फाटकावरच्या रखवालदाराने, म्हणजे फायरवॉलने, तुम्हाला काही न सांगता बाहेर ठेवलेलं असतं. क्लाउडवरच्या यंत्रांना असे दोन रखवालदार असतात, एक यंत्राच्या आतला आणि एक सेवा देणाऱ्या कंपनीच्या नियंत्रण पानावरचा. आतल्याला सांगून झालं की लोक बाहेरच्याला विसरतात.

४०३ म्हणजे खिडकीवर माणूस आहे, त्याने तुमचं ऐकलंही, पण कागद द्यायला नकार दिला. फार वेळा कपाटाची किल्ली त्याच्याकडेच नसते. एंजिनएक्सची हाताखालची माणसं डेबियन-उबुंटूवर 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या नावाने काम करतात. तुम्ही साइटच्या फाइली स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवल्यात, तर त्या वाचायच्या आधी वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमधून जाण्याची परवानगी त्या माणसाला हवी. उबुंटू २१.०४ पासून नवी होम फोल्डरं इतरांसाठी बंदच असतात. फाइलीच्या परवानग्या कितीही तपासा, अडथळा दोन जिने वर असतो.

यावर '७७७ करून टाका' हा सल्ला हमखास मिळतो. ७७७ म्हणजे यंत्रावरच्या सगळ्यांना वाचायची, लिहायची आणि चालवायची मुभा. किल्ली सापडत नाही म्हणून दारच काढून ठेवण्याचा प्रकार आहे हा. साइटच्या फाइली त्यासाठीच्या जागी हलवल्या की प्रश्न बहुधा तिथेच मिटतो. रेड हॅट घराण्यात परवानग्या ठीक असूनही नकार आला, तर 'एसईलिनक्स' या दुसऱ्या पहारेकऱ्याचा हात असू शकतो. त्याला झोपवून टाकायचा सल्लाही ७७७ च्याच जातीचा.

आणि अंदाज बांधण्याआधी नोंदवही उघडायची. प्रत्येक सेवा लॉग लिहिते, काय मागितलं, काय नाकारलं, का नाकारलं. एंजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये नेमक्या कुठल्या फाइलवर 'परमिशन डिनाइड' आलं ते पूर्ण पत्त्यासकट असतं. ब्राउझर पाहुण्याशी बोलतो म्हणून मोघम बोलतो. लॉग तुमच्याशी बोलतो.

## माझ्या एवढ्याशा सर्व्हरकडे कोण बघतंय?

सगळेच. आयपीव्ही४ ही आयपी पत्त्यांची जुनी, रुळलेली पद्धत. तिचे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. हा आकडा अफाट वाटतो, पण २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'झेडमॅप' नावाचं साधन दाखवलं. चांगल्या जोडणीवरचा एकच संगणक त्याच्या मदतीने पाऊण तासात या सर्व पत्त्यांची एकेक खिडकी ठोठावून येऊ शकतो. तेव्हा तुम्हाला कोणी निवडून शोधत नसतं. सगळ्यांच्याच खिडक्या ठोठावल्या जातात, त्यात तुमचीही येते. नव्या सर्व्हरचा लॉगिन लॉग काही तासांनी उघडा, 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट' या नावांनी पासवर्ड आजमावणाऱ्यांची रांग दिसेल.

उपाय साधे आहेत. एसएसएचला पासवर्डऐवजी किल्लीजोडी, म्हणजे एकमेकींशी जुळणाऱ्या दोन फाइली, एक तुमच्याकडे आणि एक सर्व्हरवर, वापरायची, रूट म्हणून थेट प्रवेश बंद करायचा, आणि फायरवॉलमध्ये लागतील तेवढ्याच खिडक्या उघड्या ठेवायच्या. फक्त क्रम सांभाळा. मी पहिल्यांदा फायरवॉल चालू केली तेव्हा २२ ला परवानगी द्यायची विसरलो. यंत्राने विचारलंही होतं, यामुळे चालू एसएसएच जोडणी तुटू शकते, पुढे जाऊ का? मी 'हो' म्हटलं. माझ्याच रखवालदाराने मला बाहेर काढलं आणि फाटक लावून घेतलं. तेव्हापासून असा कुठलाही बदल करताना मी एक जोडणी उघडी ठेवतो, आणि दुसरी नव्याने जोडून पाहिल्याशिवाय पहिली बंद करत नाही.

एचटीटीपीएससाठी लागणारं प्रमाणपत्र, म्हणजे हा पत्ता तुमचाच असल्याचा दाखला, आता अडचणीचं राहिलेलं नाही. २०१५ च्या अखेरीस 'लेट्स एन्क्रिप्ट' हे अशी प्रमाणपत्रं देणारं केंद्र सर्वांसाठी खुलं झालं तेव्हापासून ते फुकट मिळतं. मात्र त्याची प्रमाणपत्रं ९० दिवसांच्या बेताची, अल्पायुषी असतात, आणि नूतनीकरण आपोआप होईल अशी व्यवस्था करावी लागते. पत्ता तुमचाच आहे ना, या दर वेळच्या तपासणीसाठी बहुतेक मांडण्यांत ८० ची खिडकी उघडी लागते. 'आता ४४३ आहे, ८० कशाला' म्हणून ती बंद करणाऱ्याची साइट दोनतीन महिन्यांनी ब्राउझर लाल अक्षरात दाखवतो.

## डॉकर असताना हे सगळं कशाला?

डॉकर म्हणजे सॉफ्टवेअर आणि त्याला लागणारं सगळं सामान एकाच खोक्यात. उघडलं की चालू. बसवण्याची कटकट खरोखर वाचते, आणि एकाच यंत्रावर दोन वेगळ्या आवृत्त्या सुखाने नांदतात. पण खिडकी कुठली, तोंड कुठे, कपाट कोणाचं, हे प्रश्न खोक्याबाहेरच राहतात.

उलट एक नवा फसवा कोपरा तयार होतो. डॉकरला पोर्ट बाहेर काढायला सांगितलं की ते फायरवॉलचे स्वतःचे नियम लिहितं, आणि उबुंटूवरच्या 'यूएफडब्ल्यू' या नेहमीच्या रखवालदाराला वळसा घालून वाट उघडतं. यूएफडब्ल्यूची यादी दाखवते की ५४३२ बंद आहे. बाहेरून मात्र डेटाबेस खुशाल उघडतो. पोर्टच्या आधी १२७.०.०.१ लिहिलं की खिडकी आत वळते. डॉकरच्या कितीतरी नमुना फाइलींत तेवढंच लिहिलेलं नसतं.

## चालू झालं, आता?

सुरक्षेची अद्यतनं आपोआप होतील अशी सोय डेबियन-उबुंटूवर आहे, ती चालू आहे ना ते पाहावं. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलला की सहसा यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं लागतं, आणि इथे पुष्कळ जण वर्षानुवर्षं टाळाटाळ करतात. न करण्याचं कारण एकच, परत उठेल याची खात्री नसते.

म्हणून नवा सर्व्हर मनासारखा चालू लागला की त्याच दिवशी, अजून कोणी वापरत नसताना, तो मुद्दाम रीबूट करावा. दोन मिनिटं थांबून दुसऱ्या जोडणीवरून, शक्यतो मोबाइल डेटावरून, पत्ता टाकून बघावा. साइट आली तर ठीक. नाही आली तर कुठल्या तरी सेवेला 'इनेबल' म्हणायचं राहिलं असेल, किंवा फायरवॉलचा एखादा नियम जतन झाला नसेल. काय राहिलं ते शोधायला आज सगळं डोक्यात ताजं आहे.